सोबती बँडची हजेरी

माझं नाव प्रकाश. कंपनीच्या गेटपासवर तेच आहे, आधार कार्डावर तेच आहे. तरी सिल्वासात आणि आसपासच्या गावांत निदान तीस-चाळीस माणसं अशी निघतील, की ज्यांना प्रकाश कोण ते सांगता येणार नाही. त्यांच्यासाठी मी सुपडू. हा सगळा प्रताप भिका मास्तरांचा.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, सोबती ब्रास बँडचे. एरवी राखोलीच्या एका सुताच्या कंपनीत पॅकिंग खात्यात खोकी बांधायचे आणि लग्नसराईत शिफ्ट बदलून, सुट्या टाकून, सुपरवायझरच्या मिनतवाऱ्या करून क्लॅरिनेट वाजवायचे. शिंदखेड्याकडचा माणूस. उंच, वाळका, आणि गळ्यात बाराही महिने तपकिरी मफलर. मे महिन्यात आम्ही बनियनवर बसून स्वतःला पुठ्ठ्याने वारा घालायचो, तेव्हाही मफलर जागेवर. कोणी टोकलं तर म्हणायचे, "वारं लागी जाई रे भाऊ. काय व्हई कोणले मालूम?"

"काय व्हई कोणले मालूम" हे त्यांचं पालुपद होतं. इतका घाबरट माणूस मी पाहिलेला नाही, आणि मी स्वतः पहिल्या नंबरचा भित्रा असल्यामुळे हे अधिकाराने सांगतोय. क्लॅरिनेटच्या तोंडाशी लावायची वेताची पत्ती शर्टाच्या खिशात आहे ना, हे ते दर दहा मिनिटांनी चाचपून बघायचे. खोलीला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत आले की परत जाऊन कुलूप ओढून बघायचे. आंबट खायचे नाहीत. बँडचा फोटो तर त्यांनी कधी काढूच दिला नाही. म्हणायचे, फोटोत माणसं राहतात आणि इकडे निघून जातात, मग तो फोटो बघवत नाही.

आता हे नुसतं वेड होतं असंही नाही. सिल्वासात माणूस टिकतो कुठे? ठेकेदार बदलला की अख्खी लाइन बदलते. आज कँटीनमध्ये ताटाला ताट लावून जेवणारा उद्या गावाकडे निघून जातो, नाहीतर उमरगावला, नाहीतर अंकलेश्वरला. मास्तरांना भीती होती ती याची. एक दिवस आपण वाजवायला उभे राहू आणि शेजारी ओळखीचं कोणीच नसेल, मग हा बँड सोबती कसला, असं ते म्हणायचे.

या भीतीवर त्यांनी एक तोड काढली होती. तोड काढली म्हणण्यापेक्षा ती त्यांच्या हातून होऊन गेली होती. त्याची हकिकत बड्या ढोलाच्या निंबाने मला सांगितली.

बँड सुरू केला तो मास्तर आणि रूपचंद या दोघांनी. दोघे एका गावचे, एकाच गाडीने सिल्वासाला आलेले. बँडला सोबती हे नाव दिलं रूपचंदने, आणि कुठल्याही वरातीत सिनेमाच्या गाण्याआधी जी चाल वाजायची तीही त्याचीच. मोठा ढोलही तोच वाजवायचा. तो काविळीने गेला. पुढच्याच आठवड्यात लग्न घेतलेलं होतं, नाही म्हणता येत नव्हतं. निंबा तेव्हा नवा, रूपचंदचा ढोल गळ्यात अडकवून उभा होता. वाजवण्याआधी मास्तर सगळ्यांची हजेरी घ्यायचे. त्या दिवशी सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, "रूपचंद!"

नवरदेवाच्या दारात सगळे गप्प झाले. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. निंबा मला म्हणाला, "मी इतका भ्यालो सुपडू, की मले वाटलं आता हा माणूस इथंच पडतो. काही सुचलं नई. मी म्हटलं, हजर!"

त्या दिवसापासून सोबती बँडची ती रीतच झाली. माणूस गेला तरी नाव हजेरीतून जायचं नाही. त्याच्या जागी जो उभा राहील त्याने त्या नावाला ओ द्यायची. रूपचंद, सुपडू, धनराज, दोधू, आनंदा, गुलाब, हाच क्रम, कायमचा. सगळ्यात शेवटी मास्तर स्वतःचं नाव घ्यायचे, "भिका!" आणि स्वतःच उजवा हात वर करून "हजर!" म्हणायचे. तो वर गेलेला हात खाली आला की पहिला ठोका. आमचा इशारा तोच होता.

मी बँडमध्ये आलो ते साइड ड्रमवर. गावी लेझीम पथकात वाजवलेलं होतं, तेवढीच शिदोरी. मास्तरांनी माझ्या हातातल्या काड्या नीट धरायला लावल्या, थोडं ऐकलं आणि म्हणाले, "जमी जाई. आजपासून तू सुपडू." मी विचारलं, सुपडू कोण? तर म्हणाले, "तूच ना!"

पहिल्या हजेरीला मला हसू आलं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मात्र आलं नाही. न पाहिलेल्या माणसाच्या नावाला आपण ओ देतो, आणि ती देताना आपला आवाजही थोडा बदलतो, हे माझं मला जाणवायला लागलं. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, नावच आहे ना? किडनी तर नाही मागितली!" तिचं बरोबर होतं. पण ती हजेरीला उभी राहत नव्हती.

मग एकदा खरा सुपडू आला.

गलोंड्याला लग्न होतं. आम्ही रांगेत उभे. मास्तरांनी रूपचंद म्हटलं, निंबाने ओ दिली. मास्तरांनी सुपडू म्हटलं आणि दोन आवाज एकदम आले, "हजर!" एक माझा, आणि एक मागून, वऱ्हाडातून. वळून बघतो तर एक ठेंगणा, पोट सुटलेला माणूस हसत उभा. हातात आहेराची पिशवी. नवरदेवाचा कोणीतरी लागत होता, शिरपूरहून आला होता. जुनं नाव ऐकलं आणि त्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं.

मला वाटलं, आता मास्तर त्याला मिठी मारतील. पाच-सहा वर्षं एकत्र वाजवलेलं. पण मास्तर त्याच्याकडे भूत बघावं तसे बघत राहिले. मग अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तू आते पाहुना शे, भाऊ. बठ."

सुपडू हसला. हसत हसत मागे जाऊन खुर्चीवर बसला. मी वाजवत होतो, पण माझं सगळं लक्ष त्याच्याकडे. त्याची बोटं गुडघ्यावर वाजत होती, नेमकी माझ्याबरोबर, किंवा मी त्याच्याबरोबर. रूपचंदची चाल संपली तेव्हा तो खुर्चीवर नव्हता. नंतर कळलं, तो न जेवताच गेला. मला मास्तरांचा फार राग आला. गाडीत बसल्यावर मी विचारलंसुद्धा, असं का बोललात? ते खिडकीबाहेर बघत होते. खिसा चाचपून म्हणाले, "एक नावले दोन मानसं ओ द्यायला लागली, तर मले भ्याव वाटस रे."

त्यानंतर वर्षभरात त्यांच्या भीतीला खरंच कारण मिळालं. धनराज आणि दोधू, म्हणजे त्या दोन जागांवरचे ट्रंपेटवाले, वेगळे निघाले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. लोकांना आता कीबोर्ड पाहिजे, स्पीकरची गाडी पाहिजे, नवी गाणी पाहिजेत, आणि मास्तर क्लॅरिनेट सोडायला तयार नाहीत. त्यांनी गलोंड्याला नवा बँड काढला. नाव ठेवलं न्यू सोबती.

मास्तर त्यांना ऐकायला गेले. मलाही सोबत नेलं, एकटे जायला घाबरत होते. रस्त्याच्या पलीकडे पानाच्या टपरीआड उभे राहून आम्ही ऐकलं. खरं सांगायचं तर ते आमच्यापेक्षा चांगले वाजवत होते. गणवेश कडक, गाडीवर दिव्यांची माळ. आणि सुरुवात केली त्यांनी ती रूपचंदच्या चालीने.  शेजारचा पानवाला गिऱ्हाईकाला सांगत होता, "सोबतीवाला छे, बहु जूनो बँड." मास्तरांनी मफलर दोन्ही हातांनी धरला होता. मला वाटलं, आता रस्ता ओलांडून भांडतील. त्यांनी रिक्षाला हात केला. परत येताना एकदम म्हणाले, "त्या सोबती नहीत. हजेरी लेतस नही." आणि पुढे नरोलीच्या फाट्यापर्यंत तेच वाक्य तीनदा म्हणाले. माझी खात्री पटवत होते की स्वतःची, देव जाणे.

पण त्या दिवसाने ते हलले. दोन ट्रंपेटवाल्यांच्या जागी एक आराचा बिहारी आणि एक वलसाडचा गुजराती आला, आणि दोघं निमूटपणे धनराज आणि दोधू झाले. शिवाय मास्तरांनी कीबोर्ड आणि तो ठेवायला स्पीकरची हातगाडी घ्यायला होकार दिला. वाजवायला रमेश आला. रमेश किलवणीचा, तिशीतला, दोन मुलांचा बाप. घरी वारली, शाळा गुजराती, कंपनीत हिंदी, आणि आमच्याशी या सगळ्याची मिसळ. बोटांत मात्र जादू. एकदा ऐकलेलं गाणं दुसऱ्यांदा विचारायचा नाही.

फक्त एक अडचण होती. कीबोर्डची जागा जुन्या बँडात नव्हतीच, त्यामुळे रमेशला द्यायला नाव नव्हतं. मास्तरांनी ते वाढवलंही नाही. मी दोनदा सुचवून पाहिलं, की रमेश म्हणूनच घ्या. मास्तर म्हणाले, "आज एक वाढाव, उद्या एक काढ. मंग काय ऱ्हास?" तर हजेरी चालू असताना रमेश आपला कीबोर्डच्या वायरी जोडत मान खाली घालून उभा राहायचा. दोन वर्षं. एकदा मला म्हणाला, "सुपडूभाई, अपुन बँडमधे आहे का भाड्याने आहे? मास्तरला विचारून ठेव ना कधी." मी विचारलं नाही. मी भित्रा, हे आधीच सांगितलंय.

मग किलवणीचं ते लग्न.

दुपारची वरात. मी मास्तरांच्या डाव्या हाताला. रूपचंदची चाल सुरू झाली, आणि दुसऱ्या वळणावर क्लॅरिनेटचा सूर फाटला. मी बघितलं तर मास्तरांच्या हनुवटीवरून रक्ताचा ओघळ मफलरात जात होता. वरचा पुढचा दात. क्लॅरिनेट त्या दातांवरच टेकवून वाजवतात. तो दात कित्येक महिने हलत होता, ते भाकरी चहात बुडवून खात होते, आणि आम्हाला वाटत होतं की ही नवी सवय. त्यांनी हात तोंडावर दाबला. सूर थांबला.

थांबला म्हणजे, थांबायला हवा होता. तेवढ्यात रमेशने कीबोर्डवर एक बटण दाबलं आणि क्लॅरिनेटचा आवाज जिथे तुटला होता तिथूनच पुढे गेला. तीच चाल, तीच वळणं, मास्तर दुसऱ्या ओळीला थोडा दम घ्यायचे तो दमसुद्धा. नाचणारी पोरं नाचत राहिली. बाया फुगड्या खेळत राहिल्या. मास्तर क्लॅरिनेट ओठांना नुसतं लावून, बोटं हलवत, मंडपापर्यंत चालत आले. मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो, आणि नेमकं कशाला घाबरलो ते मला सांगता येत नव्हतं.

वाजवून झाल्यावर ते नळाशी चूळ भरत होते. मी जवळ गेलो. मला वाटलं, दुखतंय म्हणतील.

"कोणी इचारं का रे?"

"काय?"

"क्लारनेट बंद पडनं, ते. लोकेसले समजनं का?"

मी खोटं बोलायला हवं होतं. पण बोललो नाही. म्हणालो, "नाही मास्तर. कोणालाच कळलं नाही." ते नळ बंद करायचा विसरून तसेच उभे राहिले. एवढ्यात रमेश धावत आला आणि म्हणाला, "मास्तर, टेन्शन नका लेऊ, मी सांभाळी लिधेल ना!" बिचाऱ्याला शाबासकी पाहिजे होती. मास्तर त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेले, आणि तो हात मध्येच थांबला.

पुढे उरलेलेही दात काढावे लागले. कवळी आली. कवळीवर क्लॅरिनेट ठरत नव्हतं, सुराऐवजी शिट्टी निघायची. महिनाभर त्यांनी प्रयत्न केला. त्यांच्या खोलीवरून जाताना ती शिट्टी ऐकू आली की मी भराभर पावलं उचलायचो.

एके दिवशी ते जेवणाच्या सुटीत आमच्या कँटीनमध्ये आले. हजेरी पाठ करून घ्यायला. पुढच्या रविवारी राखोलीला लग्न होतं आणि ती मी घ्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, कागदावर लिहून घेतो. तर म्हणाले, "लिखी ठेवं का मानूस पाठ करत नही." सहाही नावं त्यांनी माझ्याकडून वीसेक वेळा म्हणून घेतली. शेजारच्या टेबलावरची माणसं हसायला लागली होती.

"आणि शेवटी?" मी विचारलं.

"शेवटी मनं नाव ले. आनि थांब."

"ओ कोण देणार?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. म्हणाले, कोणाला सांगायचं नाही. सांगून दिलेली ओ काय कामाची? कोणी आपणहून दिली तर बँड राहील. नाही दिली, तर त्याच दिवशी वाजवून झाल्यावर ढोलावर लिहिलेलं सोबती हे नाव पुसून टाकायचं, मग तुम्ही दुसऱ्या कुठल्याही नावाने वाजवा. मला शपथ घालून त्यांनी हे कबूल करून घेतलं. मग कितीतरी वेळ पाण्याचा ग्लास फिरवत बसले.

"सुपडू, मले दोन्ही बाजूनं भ्याव वाटस," ते म्हणाले. "कोन्ही ओ दिधी नही, ते बँड सरना. आनि दिधी, ते मी सरनू."

 सुटी संपल्याचा भोंगा झाला म्हणून सुटलो.

तो आठवडा माझा फार वाईट गेला. रमेश रोज भेटत होता. एक शब्द सांगितला असता तर काम झालं असतं. निंबालाही सांगता आलं असतं. पण शपथ होती, आणि खरं म्हणजे मला हेच ठरवता येत नव्हतं की काय झालेलं मला हवंय. नाव पुसलं गेलं तर मी पुन्हा प्रकाश होणार होतो. त्याचा आनंद वाटायला हवा होता. वाटत नव्हता.

रविवारी सकाळी राखोलीत नवरदेवाच्या दारासमोर आम्ही रांगेत उभे राहिलो. मारुतीच्या देवळापर्यंत वाजवत जायचं होतं. नवरदेव मास्तरांच्याच खात्यातला, म्हणून मास्तरही आले होते, आहेराची पिशवी घेऊन. समोरच्या मांडवात पहिल्या रांगेत, लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. धुतलेली टोपी, पांढरा सदरा, आणि गळा उघडा. मफलर नव्हता. तो गळा मी पहिल्यांदाच पाहत होतो. बारीक आणि फिकट होता.

मी नावं घ्यायला लागलो. 

"रूपचंद!" निंबाने ओ दिली. सुपडूला माझी मीच दिली. धनराज, दोधू, आनंदा, गुलाब, सगळे हजर. एरवी यानंतर रांगेत थोडी चुळबुळ व्हायची, वाद्यं वर उचलली जायची. त्या दिवशी कोणी हललं नाही. सगळ्यांना माहीत होतं पुढचं नाव कोणाचं, आणि माणूस तर समोर बसलेला.

"भिका!"

कोणी बोललं नाही. निंबा जमिनीकडे बघत होता. बिहारी धनराज माझ्याकडे बघत होता. घरातून कोणीतरी ओरडलं, "अरे, वाजवा ना, मुहूर्त जाईल!" मी थांबलो. थांब म्हणाले होते, म्हणून थांबलो. ढोलावरचं नाव माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि ते पुसायला फडकं कोणाकडे मागायचं, इथपर्यंत माझा विचार गेला.

मागे वायरी जोडणारा रमेश ताठ उभा राहिला.

"हजर!"

त्याच क्षणी समोर मांडवात मास्तरांचा उजवा हात वर गेला होता आणि तोंड उघडलं होतं. इतक्या वर्षांची सवय, नाव ऐकलं की हात जायचाच. पण त्यांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत रमेशचा शब्द येऊन गेला होता. मला गलोंड्याचा सुपडू आठवला. मास्तरांनाही आठवला असणार, कारण त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत जे होतं ते मी कोणाच्याही नजरेत पुन्हा पाहू इच्छित नाही.

हात तसाच वर होता. अख्खी रांग त्या हाताकडे बघत होती. रमेशसुद्धा.

मग मास्तरांनी तो खाली आणला, नेहमीसारखा, झटक्यात. निंबाने ठोका दिला, मी ड्रमवर काड्या टाकल्या, आणि रूपचंदची चाल सुरू झाली. त्यांच्यासमोरून वाजवत जाताना मी पाहिलं, हात मांडीवर आला होता, पण तोंड अजून उघडंच होतं.